आईच्या गुडघ्यांना गरम पाण्याच्या टबचा खरंच उपयोग होईल का? (मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत)

तिसऱ्या मजल्यावरची (डोंबिवली)

नमस्कार. प्रश्न आईचा आहे. वय ७२. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, ती तयार नाही. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आधी गोळ्या होत्या, गेल्या वर्षापासून रात्री इन्सुलिन सुरू झालं. रक्तदाबाची गोळी सकाळी असते.

दर मार्गशीर्षात वज्रेश्वरीला जायचं, ही आमच्या घरातली आजीपासूनची पद्धत. भिवंडीहून अंबाडीला यायचं, तिथून वळायचं, आधी देवीचं दर्शन आणि मग अकलोलीला तानसा नदीकाठच्या कुंडांवर. देवळाच्या बावन्न पायऱ्या आईनं चार वर्षांपूर्वी सोडल्या, आता ती खालच्या पायरीवरूनच हात जोडते. पण कुंड सोडत नाही. पाण्यात उतरली की तिच्या कपाळावरची आठी जाते, हे मी दर वर्षी बघते. जाताना गाडीतून उतरायला माझा हात लागतो, परतताना ती आपली आपण उतरते. हे सुख दोन दिवस टिकतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीला धरून चालणं.

यंदा कुंडातून वर येताना तिला अंधारी आली. मी मागेच होते, खांद्याला धरलं म्हणून निभावलं. पायरीवर बसवून लिंबूपाणी दिलं, पाच-सात मिनिटांत ठीक झाली. पण तेव्हापासून माझ्या पोटात भीतीचा गोळा आहे.

त्यात भावाचा न्यू जर्सीहून फोन. त्याच्या घरामागे गरम पाण्याचा टब आहे, आपण ज्याला सरसकट जकुझी म्हणतो तो. म्हणाला, "ताई, आईला सहा महिने माझ्याकडे पाठव. रोज तासभर बसू दे टबमध्ये, गुडघे मोकळे होतील." आई म्हणते, "त्या डब्यातल्या पाण्यात काय आहे? कुंडात गंधक आहे, वज्राबाईचा हात आहे."

तिच्या श्रद्धेला मला धक्का लावायचा नाही. पण मला नीट समजून घ्यायचंय. गरम पाण्यानं गुडघ्यात नेमकं काय होतं? गुण गंधकाचा की उष्णतेचा? अंधारी का आली? आणि रोज तासभर हे तिच्यासारखीला झेपेल का? ज्यांनी घरात कुणासाठी केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा.

पुणे ३०

गुडघ्यांचं माहीत नाही. सासूबाईंचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगितलं होतं. पहिल्याच दिवसापासून ठणका कमी झाला. कोमट पाण्याला गुण आहे एवढं नक्की. एप्सम मीठ टाकून बघा, बरेच जण सांगतात.

सातारची फिजिओ

एकवीस वर्षं हेच काम करते आहे आणि माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट गुडघ्यांचेच असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे सांगते, की आईंना वाटतो तो आराम भास नाही. पाणी माणसाला उचलून धरतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की अंगाचा निम्माच भार पायांवर राहतो, छातीइतक्या पाण्यात साधारण तिसरा हिस्सा आणि गळ्यापर्यंत गेलं तर जेमतेम दहावा. ६५ किलोच्या बाईचा भार गळाभर पाण्यात सहा-सात किलो उरतो. जमिनीवर पाऊल टाकताना जो गुडघा कळ मारतो तोच पाण्यात वाकायला तयार होतो, तो यामुळे.

दुसरी गोष्ट उबेची. गुडघा दुखरा असला की मांडीचे आणि पोटरीचे स्नायू त्याला जपायला दिवसभर आवळून धरलेले असतात. संध्याकाळी जे दुखतं त्यात सांध्याइतकाच या आवळण्याचाही वाटा असतो. ऊब मिळाली की ते सैल पडतात, रक्तपुरवठा वाढतो, मेंदूपर्यंत जाणारी वेदनेची कुरकुर कमी होते. शिवाय पाण्याचा दाब पायांना सगळीकडून मिळतो, त्यामुळे घोट्याची सूज थोडी उतरते.

झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असते ती मऊ गादी, मात्र पाण्यानं भरून येत नाही. आराम दोन दिवसच टिकतो त्याचं कारण हे. आणि याच जागी बहुतेक घरांत चूक होते. आराम पडला म्हणून माणूस स्वस्थ बसतो. उलट गुडघा सैल असतानाचा तो वेळ व्यायामाचा आहे. आईंना पलंगावर पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्यानं ती खाली दाबायची, मनात पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा एका पायानं, दहा वेळा दुसऱ्या. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मांडीचा पुढचा स्नायू भरला की गुडघ्यावरचा भार तो घेतो. माझ्या पेशंटांमध्ये ज्यांनी शेकानंतर हे केलं त्यांचे दोन दिवसांचे हळूहळू दोन महिने झाले. नुसता शेक घेणारे वर्षानुवर्षं नुसता शेकच घेत राहिले.

आता गंधक. हंगेरी, तुर्कस्तान, इस्रायल या देशांत खनिज पाण्यावर गुडघेदुखीच्या चाचण्या झाल्या आहेत. काहींमध्ये साध्या गरम पाण्यापेक्षा खनिज पाण्याचा थोडा जास्त फरक दिसला. अडचण अशी, की पाण्याला वास असतो, मग आपण कुठल्या पाण्यात बसलोय हे पेशंटला कळतं आणि त्याचा मनावर परिणाम होतोच. माझं मत असं, की बारा आणे काम ऊब आणि पाण्याची उचल करतात. उरलेले चार आणे कुंडातल्या पाण्याचे असतील, नाहीतर तिथे लेकीबरोबर जाण्याच्या आनंदाचे. तेही आईंकडून काढून घेऊ नका.

पुणे ३०, एप्सम मिठानं नुकसान नाही, पण त्यातलं मॅग्नेशियम कातडीतून फारसं आत जात नाही. त्यावर पैसे घालवू नका. आणि "घामावाटे विषारी द्रव्यं निघून जातात" असं जे सगळीकडे वाचायला मिळतं, ते काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ.

अंधारीचं सांगते. गरम पाण्यात कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो. बसलेलं असेपर्यंत भोवतालच्या पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलून धरतो, म्हणून काही जाणवत नाही. झटकन उभं राहिलं की तो आधार सुटतो, रक्त पायांत उतरतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. सकाळची रक्तदाबाची गोळी त्यात भर घालते. देवदर्शनासाठी उपाशी निघाल्या असतील तर आणखी. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात रक्तदाब सावरणाऱ्या नसाही मंदावलेल्या असतात. त्यामुळे बाहेर पडायचं ते टप्प्याटप्प्यानं. आधी वरच्या पायरीवर बसायचं, पाय पाण्यातच ठेवून दोन मिनिटं थांबायचं, मग कठड्याला धरून उठायचं. मागे माणूस हवाच.

तासभर अजिबात नको. १० मिनिटं, फार तर १५. पाणी ३८ अंश सेल्सियसच्या आसपास. ४० ही वरची हद्द समजा, टबसाठी अमेरिकेतही १०४ फॅरनहाइट म्हणजे तेवढीच हद्द सांगतात.

इन्सुलिनचं विशेष लक्षात ठेवा. टोचल्यानंतर अंग तापलं तर ते रक्तात लवकर उतरतं आणि साखर एकदम खाली येऊ शकते. इंजेक्शन घेऊन लगेच गरम पाण्यात जायचं नाही. नुकता हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, थोड्या चालण्यानं छातीत दुखतं, ताप आहे, पायाला उघडी जखम आहे, यांपैकी काहीही असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. आणि सुरू करण्याआधी आईंच्या डॉक्टरांना हे सगळं एकदा विचारा.

तिसऱ्या मजल्यावरची

ताई, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती खरंच उपाशी होती, नैवेद्य दाखवल्याशिवाय खात नाही.

आता घरचं विचारते. फुगवायचा टब मिळतो तो आणावा का? आमचा गीझर १५ लिटरचा. शेजारी म्हणतात गॅस गीझर लावून घ्या, हवं तितकं पाणी मिळेल.

वऱ्हाडी मुलगा

टबाच्या आधी पायांचं बघा, हात जोडून सांगतो.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. सहा वर्षांपूर्वी एका गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. बाबा काठावर बसून पाय सोडून बसले. मी बाजूला बसून फोनवर बोलत होतो. मी हात घातला तेव्हा मला चटका बसला, आणि बाबा तिथे दहा मिनिटं शांतपणे बसले होते. म्हणत होते, "छान ऊन ऊन लागतंय." रात्री दोन्ही तळव्यांना फोड आले. डावा अंगठा चार महिने भरला नाही, शेवटी काढावा लागला. त्यांच्या पायांची संवेदना गेली होती आणि ते आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, त्यांनाही नाही.

डॉक्टर एक नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टोचून बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. ते आधी करून घ्या. आणि पाणी आईंना कधी बघायला सांगू नका. तुम्ही कोपर घालून बघा, किंवा तान्ह्या बाळांच्या आंघोळीचा थर्मामीटर मिळतो तो आणा.

सातारची फिजिओ

वऱ्हाडी मुलगा यांनी लिहिलंय ते माझ्या लांबलचक उत्तरात सगळ्यात वर असायला हवं होतं.

घरच्या टबाला माझा नकार आहे. माणूस बसेल अशा टबाला दीड-दोनशे लिटर पाणी लागतं, पण ती अडचण दुय्यम. टबाची कड ओलांडून आत जाणं आणि ओल्या पायांनी बाहेर येणं, दुखऱ्या गुडघ्याला यापेक्षा धोक्याचं दुसरं काही नाही. फुगवलेल्या टबाच्या कडेला तर धरताही येत नाही. मांडीचं हाड मोडलेल्या आज्या मी बघते, त्यातल्या कित्येक न्हाणीघरातच पडलेल्या असतात.

गॅस गीझर बंद न्हाणीघरात मुळीच नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस गुदमरतोय हे त्यालाच कळत नाही. लावायचाच असेल तर बाहेर मोकळ्या हवेत आणि पाणी नळीनं आत.

तुमच्या १५ लिटरमध्ये सगळं भागेल. आईंना हात असलेल्या खुर्चीत बसवा. गरम पाण्यात पंचा बुडवा, पिळा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, मग गुडघ्याभोवती गुंडाळा आणि वर कोरडा टॉवेल. १५ मिनिटं. मग वरचा व्यायाम. पाण्याची उचल यात मिळणार नाही, पण ऊब पुरेशी मिळते, आणि ती रोज मिळते.

ओसाकातला सांगलीकर

मी इथे जपानमध्ये अकरा वर्षं आहे. गरम पाण्यात बसणं इथे औषध नाही, रोजचा दिनक्रम आहे, म्हणून थोडं लिहितो.

इथल्या घरांत ओफुरो असतो, खोल आणि आखूड टब. आधी बाहेर बसून साबणानं स्वच्छ अंघोळ करायची, मग टबात नुसतं बसायचं. पाणी सगळ्या घराला एकच, वापर झाला की वर झाकण. मला पहिली दोन वर्षं ४२ अंशांचं पाणी सोसायचं नाही. आता संध्याकाळी दहा मिनिटं बसलो नाही तर झोप नीट लागत नाही. त्याचं कारण नंतर वाचलं. पाण्यानं हातापायांच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि बाहेर आल्यावर शरीर आतून लवकर थंड होतं, त्या उतरत्या तापमानाबरोबर झोप येते. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. झोपण्याआधी एक ते दोन तास ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्यानं अंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं त्यात आलं. ताई, तुमच्या आईंना दुखण्यामुळे झोप लागत नसेल तर तो शेक रात्री जेवणाआधी द्या.

हृदयाबद्दल इथला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. सुमारे ३० हजार लोकांवर वीसेक वर्षं लक्ष ठेवलं होतं. जवळजवळ रोज टबात बसणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण, आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी बसणाऱ्यांपेक्षा २८ टक्के कमी निघालं. पण रोज निवांत बसायला ज्याला वेळ आणि तब्येत आहे तो मुळातच बरा असणार, हेही धरायला हवं. त्यामुळे टबानंच हृदय वाचतं असं मी म्हणणार नाही.

दुसरी बाजू तितकीच खरी. इथे हिवाळ्यात म्हातारी माणसं टबातच दगावतात. थंडगार खोलीत कपडे काढायचे, रक्तदाब चढतो, लगेच कढत पाण्यात उतरायचं, तो कोसळतो, शुद्ध हरपते आणि डोकं पाण्याखाली. इथलं ग्राहक खातं दर थंडीत सांगतं: पाणी ४१ अंश किंवा कमी, वेळ दहा मिनिटांच्या आत, कपडे बदलायची खोली आधी गरम करा, आत जाण्यापूर्वी घरच्यांना सांगून जा. आमच्या समोरच्या आजी टबात असतात तेव्हा त्यांची सून पाच-पाच मिनिटांनी दारावर टकटक करते. न्यू जर्सीत तर टब उघड्यावर असणार. थंडीत बर्फातून चालत जाऊन त्यात बसणं तरुणांना ठीक आहे, आईंना नको.

गंधकाबद्दल एक आठवण. कुसात्सू नावाचं गाव आहे, तिथलं पाणी इतकं आम्लधर्मी की डोळ्यात गेलं तर झोंबतं. झऱ्यातून ते कढत येतं. आपण असतो तर घंगाळात घालतो तसं विसण घातलं असतं. तिथे घालत नाहीत, पाण्याचा गुण पातळ होतो म्हणून. लांब फळ्यांनी पाणी घुसळून, गाणी म्हणत निववतात. मी ते बघत उभा होतो आणि मला आमच्या घरचं तांब्याचं घंगाळ आणि बंबाशेजारी बसलेली आजी आठवली. उतरण्याआधी पायांपासून वर वर तांब्यानं पाणी घ्यायचं, अंगाला सवय झाली की मग आत जायचं, हीसुद्धा तिथली रीत. कुंडावर आईंना हे करायला लावा, फार उपयोगी आहे.

राजवाडीचा

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, तुरळच्या शेजारी. आमच्याकडे अशा झऱ्याला उन्हाळं म्हणतात. पालघरच्या सातिवलीपासून खाली उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूरचं उन्हाळे अशी कोकणात त्यांची रांगच आहे. लोक म्हणतात खाली ज्वालामुखी आहे. तसं काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. प्रत्येक झऱ्याची ऊब वेगळी. राजापूरच्या पाण्यात सरळ अंघोळ होते, उन्हवऱ्याचं पाणी मुळाशी ७० अंशांच्या आसपास असतं, तिथे हात घालायची सोय नाही. एका कुंडाचा अंदाज दुसऱ्याला लावू नका.

लावणी संपली की आमची आजी गावातल्या बायकांबरोबर कुंडावर जायची. महिनाभर चिखलात वाकून मोडलेली पाठ तिथे सरळ व्हायची. तिचे दोन नियम होते. डोकं पाण्याखाली घालायचं नाही, आणि पाणी नाकात घ्यायचं नाही. तेव्हा कारण कुणी सांगत नसे. आता कळतं, की कोमट गोड्या पाण्यात एक अमीबा वाढतो, तो नाकावाटे मेंदूत गेला तर वाचणं फार कठीण. क्वचित होतं, पण नियम पाळायला काय जातं.

तिसऱ्या मजल्यावरची

सात आठवड्यांनी लिहिते आहे.

पायांची तपासणी केली. डाव्या पायाच्या दोन बोटांत धागा टोचलेला आईला कळला नाही. मी तिथेच रडले. वऱ्हाडी मुलगा, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्हाला हे कधी कळलं असतं कोण जाणे. आता रोज रात्री तिचे तळवे मी स्वतः बघते, आरसा धरून तीही बघते.

टब आणला नाही. साडेसातला पंच्याचा शेक, लगेच टॉवेल दाबायचा व्यायाम, मग जेवण आणि इन्सुलिन. पहिल्या आठवड्यात ती दहा वेळा दाबू शकत नव्हती, चारवर थांबायची. आता दोन्ही पायांनी पंधरा होतात. गुडघे बरे झालेत असं म्हणणार नाही, जिना अजून एक एक पायरीच चढते. पण सकाळी पलंगावरून उठताना मला हाक मारत नाही, आणि रात्री दोनदा उठायची ती आता एकदाच उठते.

भावाशी सविस्तर बोलले. त्यानं टबाचं तापमान १०० फॅरनहाइटवर आणलंय, म्हणजे ३८ च्या जवळ. पाण्यातलं क्लोरीन बघायच्या पट्ट्या त्याच्याकडे होत्या पण डबा न उघडता पडला होता. पहिल्या दिवशी दहा लाख भागांत १ च्याही खाली निघालं, हवं होतं किमान ३. बुडबुड्यांच्या तुषारांतून लिजिओनेला नावाचे जंतू फुप्फुसात जाऊ शकतात आणि म्हाताऱ्यांना, मधुमेहींना त्यांचा धोका जास्त, हे त्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं. त्यानं पाणी पूर्ण बदललं, गाळणी धुतली, आता आठवड्यातून तीनदा पट्टीचा फोटो मला पाठवतो. टबाला दोन्ही बाजूंनी धरायचे दांडे बसवलेत. पहिल्या पायरीवर रबरी चटई घातली आहे.

आईचं तिकीट मे महिन्याचं काढलंय, तिकडची थंडी संपल्यावर. नोव्हेंबरअखेर परत येईल. मार्गशीर्षातली वज्रेश्वरी चुकवायची नाही ही तिची एकच अट होती. थर्मामीटर तिनं आत्ताच पर्समध्ये ठेवलाय. म्हणते, कुंडावर पण हाच लावून बघायचा.